थॉमसन द्राक्षं काढून वाइनसाठी शेनिन ब्लाँ ही पांढरी द्राक्षजात लावावी का? कमी कष्टाची जात आहे म्हणतात.

दिंडोरीकडे तुमची दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, आहे, डिपिंग-थिनिंगच्या (घड औषधात बुडवायच्या आणि मणी विरळ करायच्या) मजुरीला वैतागलात, म्हणून शेनिनचा विचार चाललाय. शिवाय तिची वाइन कशी लागते तेही विचारलंय. ते 'कमी कष्टाची' आमचे मेहुणे मला दर भाऊबिजेला ऐकवतात. ते निफाडचे, एक्स्पोर्टवाले. त्यांच्या मते वाइनची बाग म्हणजे दोनदा छाटायची आणि वर्षभर पारावर बसायचं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मजुरी वाचते, हे खरं. मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) नाही, मण्यांची विरळणी नाही, गर्डलिंग (सालीची गोल पट्टी काढणं) नाही. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, डोळे फुटायला डॉर्मेक्सची पेस्ट, ऑक्टोबरात डावणी रोगाची धास्ती, हे मात्र तेच. थॉमसनसारखी लांब काडी राखावी लागत नाही. शेनिनच्या काडीच्या बुडाचे डोळेही (कोंब) घड देतात. आणि भरमसाट देतात. घोळ तिथेच होतो.

ही जात मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली, पण आज जगात सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत. उन्हातही आंबटपणा धरून ठेवते म्हणून तिथे रुजली, आणि 1997 पासून त्याच गुणावर नाशकातही. पण वेलावर वाजवीपेक्षा जास्त माल ठेवला की साखर भरत नाही, वास उतरत नाही, नुसता आंबट पाणचट रस मिळतो. म्हणून घड पाडावेच लागतात.

एका भाऊबिजेला मेहुणे आले तेव्हा माझी फुटव्यांची आणि घडांची विरळणी चालू होती. सरीत हिरव्या घडांचा सडा. "दाजी, वर्षाचं उत्पन्न पायाखाली तुडवताय," म्हणाले. मग सल्ला: जीए मारा, देठ लांबतील, घड सुटसुटीत होईल, पाडायला नको. बी असलेल्या जातीला जीएचा डोस जरा चुकला तर पुढच्या वर्षीच्या डोळ्यांतला घडच मार खातो, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. त्यांचं सगळं आयुष्य बिनबियांत गेलंय.

खरी गंमत जानेवारी अखेरीस झाली. शेनिनचा घड एकसारखा पिकत नाही. खांद्याचे मणी पिवळसर, गोड. शेंड्याचे अजून हिरवे. माल घेणाऱ्या वाइन कंपनीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचा मीटर) घेऊन आला, सावलीच्या बाजूचे, तेही शेंड्याचे, दोन-चार मणी पिळले आणि ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, 18 सांगून मोकळा झाला. म्हणे आठ दिवस थांबा. आणि पश्चिमेला आभाळ आलेलं. शेनिनचा घड गच्च असतो. पाऊस पडला की आतला एखादा मणी फुटतो, रस मध्ये झिरपतो आणि बाहेरून घड टवटवीत दिसत असताना गाभा कुजलेला असतो. उचलून वास घेतला तरच कळतं.

मेहुणे फोनवर म्हणाले, कंपनीशी वाद घालू नका. मी बादली घेतली, ओळींच्या दोन्ही बाजूंनी फिरलो, प्रत्येक घडाचा खांदा, मध्य आणि शेंडा तिन्हीकडून मणी काढले. शंभरावर मणी फडक्यात पिळले, मीटर पाण्यावर शून्य करून त्या माणसाच्या हातात दिला. साडेएकवीस. त्याने वर फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू असतानाच आमची तोडणी सुरू झाली. पांढऱ्या वाइनचा माल गारव्यातच गेला पाहिजे. मेहुण्यांच्या मते ते नशीब होतं. पाडलेल्या घडांचे टन ते अजून मोजतात. ते टन घेणार कोण होतं, एवढं त्यांनी सांगावं. बारीक मणी, आत बी. ना मार्केटला चालत, ना बेदाण्याला.

तुम्हाला सांगायचं ते हेच. या मालाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. 2008 नंतर मागणी बसली तेव्हा लोकांनी उभ्या बागा तोडल्यात. लेखी करार नसेल तर एक काडी लावू नका. करारात नुसता भाव आणि ब्रिक्स नको. नमुना कसा काढायचा, तोडणीची तारीख कोण ठरवणार आणि त्यांच्यामुळे उशीर झाला तर नुकसान कोणाचं, हेही असू द्या. देत नसतील तर दुसरी कंपनी बघा.

बाकी, भुरी रोगाला ही जात चटकन बळी पडते, पण तोडणीच्या तोंडावर गंधक मारू नका. रस आंबताना सडक्या अंड्याचा वास येतो आणि मग माल परत येतो.

वाइनची चव म्हणाल तर पेरू, हिरवं सफरचंद, कधी मधाची झाक. कोरडी, गोडसर, फसफसणारी, तिन्ही होतात. मला गोडसर आवडते, जाणकार नाक मुरडतात.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: तुमची जमीन भारी काळी असेल आणि खुंट (कलमाखालचा मुळांचा भाग) डॉगरिज जातीचा असेल, तर शेनिन नुसती पाला करत सुटते. मग खुंटासकट बाग नव्याने उभी करायची तयारी हवी, 110आर वगैरे खुंटावर. तो खर्च झेपत नसेल तर थॉमसनच ठेवा, मजुरी परवडली.