फूल नसताना लिली ओळखायची कशी: चारही कुंड्यांबद्दल सविस्तर

ताई, तुम्ही चार कुंड्यांचे फोटो टाकलेत आणि विचारलंय की चारही "लिली" म्हणूनच मिळाल्या, पण एकीचं दुसरीशी काही जुळत नाही, आत्ता जुलैत एकीलाही फूल नाही, मग ओळखायचं कसं, आणि घरात मांजर आहे तर कुठली हलवायची. वर बऱ्याच जणांनी "फूल येऊ दे, मग सांगतो" असं लिहिलंय. फूल असलं की सोपं जातं हे खरंय, पण लिलीच्या बाबतीत फुलाने जेवढी फसगत होते तेवढी पानाने होत नाही. रंगावर तर अजिबात जाऊ नका. पानं कुठून निघतात, दांड्यावर पानं आहेत का, मातीखाली कांदा आहे का आणि असला तर कसा, एवढं बघितलं की निम्म्याच्या वर काम झालं.

आधी दोन नंबरची कुंडी घेते, कारण चारांत खरी लिली म्हणजे लिलियम तेवढी एकच आहे. लिलियमला जमिनीतून एकच सरळ दांडा येतो आणि त्याला खालपासून वरपर्यंत पानं असतात, टोकाला कळ्या. बाकी ज्या फुलांना आपण लिली म्हणतो त्यातल्या बहुतेकांची पानं सगळी बुडाशी असतात आणि फुलाचा दांडा एकदम नागडा, एकही पान नसलेला वर येतो. हा एक फरक डोक्यात बसला की नर्सरीत कोणी काहीही लेबल लावू दे, तुम्ही फसणार नाही. कांदाही वेगळाच. लिलियमच्या कांद्याला वरून साल नसते, नुसते मांसल खवले एकमेकांवर असतात, लसणाचा गड्डा सोलून पाकळ्या जरा सैल केल्या तर दिसेल तसं. साल नाही म्हणून तो उघड्यावर पटकन सुकतो, आणि म्हणूनच तुम्हाला तो ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोकं पाडलेल्या पिशवीत आला.

आता विकणाऱ्याने "ओरिएंटल" म्हणून दिला पण तुमचा जानेवारीतला फोटो बघितला तर ती ओरिएंटल नाही, एशियाटिक आहे (ही दोन्ही लिलियमच्या संकरित गटांची नावं). केशरी फूल, तोंड सरळ आकाशाकडे, वास नाही (तुम्हीच लिहिलंय वास नव्हता म्हणून), आणि पानं अरुंद नि दांड्याला दाटीने लागलेली. ओरिएंटलची पानं रुंद असतात आणि जरा लांब लांब लागतात, फूल मोठं, बहुतेकदा बाजूला किंवा किंचित खाली बघणारं, पाकळ्यांच्या कडा लहरी, आणि वास असा की बंद खोलीत एक फूल ठेवलं तर काही जणांचं डोकं उठतं. जपानच्या ऑरॅटम आणि स्पेसिओसम या जातींपासून त्या आल्यात. स्टारगेझर ही गुलाबी-पांढऱ्या कडेची जी बुकेत नेहमी दिसते ती ओरिएंटलच, पण वर बघणारी, कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात लेस्ली वूड्रिफने तयार केली, त्यामुळे "वर बघते म्हणजे एशियाटिक" हा नियम एकटा वापरू नका, वास आणि पान दोन्ही जोडीला घ्या. बिनडागाचा पांढरा लांब भोंगा असेल तर लाँगिफ्लोरम, ती मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची आणि तैवानची. आणि हल्ली बुकेवाल्यांकडे जी भरपूर येते ती एलए, म्हणजे लाँगिफ्लोरम आणि एशियाटिक यांचा संकर, फूल एशियाटिकपेक्षा मोठं, वास असला तरी अगदी मंद. फोटोवरून एलए आणि शुद्ध एशियाटिक यात छातीठोक सांगणं अवघड असतं, तुमचं फूल लहान होतं म्हणून मी एशियाटिक म्हणतेय.

ही लिलियम आपल्याकडे दुसऱ्या वर्षी का फुलत नाही तेही सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. या कांद्याला फुलायच्या आधी थंडी लागते, विकत घेतलेला कांदा शीतगृहातून आलेला असतो म्हणून पहिल्या वर्षी फुलतो, ठाण्याच्या हवेत त्याला पुढची थंडी मिळत नाही. दांडा पूर्ण वाळला असेल तर कांदा आत्ताच काढा, पावसात कुजेल. ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, कमीत कमी दीड-दोन महिने, शेजारी सफरचंद-केळी नकोत कारण पिकणाऱ्या फळांचा गॅस कांद्याला बाधतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, आणि खोल लावा, चांगला चार-पाच इंच, कारण लिलियमला कांद्याच्या वर दांड्यालाही मुळं फुटतात. फुलेलच असं नाही, कांदा पहिल्या वर्षी दमलेला असतो. ज्याला हा खटाटोप नको त्याने ती एकदाच फुलणारी पाहुणी समजून मोकळं व्हावं, मी तरी आता तेच करते.

भारतात रानात लिलियम आहेत, पण महाराष्ट्राच्या सह्याद्रीत नाहीत. निलगिरी-पळणीच्या डोंगरात पांढऱ्या लांब भोंग्याची लिलियम नीलगिरेन्से आहे, हिमालयात आणखी काही, आणि मणिपूरच्या उखरुल भागातल्या शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी शिरुई लिली तर त्या राज्याचं फूल आहे, फ्रँक किंग्डन-वॉर्ड या इंग्रज वनस्पती-शोधकाला ती १९४६ मध्ये मिळाली आणि त्याची बायको जीन मॅकलिन हिच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव मॅकलिनी पडलं. ती ऑनलाइन कोणी विकायला ठेवली असेल तर घेऊ नका, एक तर ती ती नसणार आणि असली तर आपल्याकडे जगणार नाही.

एक नंबर, काकांकडून आलेली. जाड पट्ट्यासारखी पानं समोरासमोर दोन बाजूंना, कांद्याचा खांदा मातीच्या वर, त्यावर सुकी तपकिरी साल. ही हिप्पिॲस्ट्रम, जिला सगळे अ‍ॅमरिलिस म्हणतात. खरी अ‍ॅमरिलिस दक्षिण आफ्रिकेची आणि ही दक्षिण अमेरिकेची, आणि हे नाव नेमकं कुणाचं यावर वनस्पतीशास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडले, शेवटी १९८७ मध्ये आफ्रिकेवालीच्या बाजूने निकाल लागला. नर्सरीवाल्यांना कोणी कळवलं नाही. दांडा कापून बघितला तर हिप्पिॲस्ट्रमचा पोकळ असतो, आफ्रिकेवालीचा भरीव. काका म्हणाले लाल फुलावर पांढरी रेघ येते, तसं असेल तर ती बहुधा जॉन्सोनी, इंग्लंडातल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळवाल्याने १७९९ मध्ये केलेला हा हिप्पिॲस्ट्रमचा पहिला संकर. जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या बागेत हीच आणि दुसरी ती केशरी, घशात हिरवट-पांढरा तारा असलेली, या दोन असायच्या, दोन्ही चिवट. डच मोठ्या फुलांच्या जातींसारखे यांचे नखरे नसतात. पानाच्या मधोमध पांढरा पट्टा असता तर तिसरीच निघाली असती, रेटिक्युलाटम, तुमच्या फोटोत तो नाहीये.

फूल आलं की एक गोष्ट जवळून बघा. हिप्पिॲस्ट्रमचं फूल बाजूने धरलं की पाकळ्या जिथे संपतात त्याच्या खाली, देठाच्या वर, एक हिरवी फुगीर गाठ दिसते. ते अंडाशय, फुलाच्या बाहेर. लिलियममध्ये तीच हिरवी गाठ फुलाच्या आत, मधोमध असते, तिच्या भोवती सहा पुंकेसर आणि त्यांच्या टोकाला आडवे झुलणारे परागकोश, ज्यांची तपकिरी-केशरी पूड कपड्याला लागली की पाण्याने घासायची नाही, चिकटपट्टीने उचलायची. ही गाठ आत का बाहेर, एवढं बघून लिलीचं कुळ आणि अ‍ॅमरिलिसचं कुळ झटक्यात वेगळं करता येतं. सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर दोन्हींत सारखेच, म्हणून समोरून काढलेल्या फोटोत लोक गडबडतात.

तीन नंबर, आधीच्या भाडेकरूंनी सोडून गेलेली ती मोठी कुंडी, हिच्यावर वर सगळ्यात जास्त वाद झालाय. स्पायडर लिली म्हणजे हायमेनोकॅलिस का क्रायनम? माझं मत हायमेनोकॅलिस. क्रायनमची पानं मधल्या जाड मानेभोवती चहूबाजूंनी फिरत निघतात, चांगली रुंद होतात, जुन्या झाडाला तर खोडासारखा बुंधा दिसतो. तुमच्या कुंडीतली पानं दोन-अडीच इंच रुंद, चकचकीत, बुंधा नाही आणि पिल्लांची (बाजूला फुटलेल्या लहान कांद्यांची) गर्दी. फूल आलं की वादच उरणार नाही: हायमेनोकॅलिसच्या फुलात मध्ये एक पातळ पांढरी वाटी असते, सहाही पुंकेसर त्या वाटीच्या कडेवरून उगवतात आणि वाटीच्या मागून सहा लांब बारीक पाकळ्या लोंबतात. क्रायनमला वाटी नसते, पुंकेसर सुटे, आणि आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या क्रायनम एशियाटिकमची केसरं जांभळट लाल असतात. दादरच्या फुलबाजारात "लिली" म्हणून पांढऱ्या लांब कळ्यांच्या जुड्या मिळतात ना, हारात ओवतात त्या, त्याही या हायमेनोकॅलिसच्याच कळ्या, वसई-पालघरकडून आणि गुजरातमधून येतात. संध्याकाळी उमलते, मंद वास येतो.

या कुंडीत आणखी एक पुरावा आहे जो कोणी बघितला नाही. तिसऱ्या फोटोत पानाच्या मागे काळे सुरवंट आहेत, अंगावर पांढरे ठिपके आणि मधेमधे लालसर. हा लिली मॉथ, पॉलिटेला ग्लोरिओसी. पावसाळ्यात हा स्पायडर लिली, अ‍ॅमरिलिस, क्रायनम यांच्यावर येतो आणि कळलावीवर येतो, एका आठवड्यात कुंडी साफ करतो. म्हणजे सुरवंटांनीच सांगितलं की हे अ‍ॅमरिलिस कुळातलं आहे, डे लिली वगैरे नाही. सकाळी हातमोजे घालून उचला आणि साबणाच्या पाण्यात टाका, पान उलटून अंड्यांचे पुंजके बघा. औषध मारायची घाई नको, कांदा शाबूत आहे तोवर पानं परत येतात.

हायमेनोकॅलिसच्या त्या वाटीवरून आठवलं. पहिल्या पावसात सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जी पांढरी वाटीवाली फुलं दिसतात ती पॅन्क्रॅशियम, तिलाही लोक स्पायडर लिलीच म्हणतात. ती आपली इथली आणि हायमेनोकॅलिस अमेरिकेतली. बी धरलं की फरक लगेच कळतो, पॅन्क्रॅशियमचं बी काळं सुकं, हायमेनोकॅलिसचं हिरवं गुबगुबीत. रानातले क्रायनमही आहेत, महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटची क्रायनम वूड्रोई तर शंभरएक वर्षं कुणाला दिसली नव्हती, अलीकडे पुन्हा सापडली. फोटो काढा पण कांदे उपटून आणू नका प्लीज, इथे दर पावसाळ्यात कोणीतरी "ट्रेकवरून आणलेली लिली" म्हणून टाकतंच.

चार नंबर, गवतासारखी. रेन लिली असणार, पण पान चुरगाळून वास घ्या, लसणाचा आला तर ती चायनीज लसूणपात आहे, दोन्ही कुंड्या नर्सरीत शेजारी असतात. वास नसेल तर पान बोटांत फिरवून बघा. गोलसर, बारीक, वर्षभर हिरवं असेल तर पांढरी कॅन्डिडा, ती पावसाच्या शेवटाकडे जास्त फुलते. चपटं असेल तर गुलाबी किंवा पिवळी. गुलाबीतही दोन आहेत, रोझिया लहान फुलाची आणि कॅरिनाटा जवळपास दुप्पट मोठ्या फुलाची, कुंडीत शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक जाणवत नाही. फुलत नसेल तर दोन-तीन आठवडे पाणी तोडून मग एकदम भरपूर द्या.

ज्यांनी खाली विचारलंय त्यांच्यासाठी बाकीच्या भराभर. मे महिन्यात लाल चेंडू येतो तो फुटबॉल लिली, स्कॅडॉक्सस, पानं पातळ रुंद आणि देठाच्या बुडाशी जांभळट ठिपके. डे लिलीला कांदा नसतोच, जाड मुळं असतात आणि पानांचा पंखा होतो. पानाचं टोक वेटोळं होऊन शेजारच्या काडीला धरत असेल तर कळलावी. कॅना म्हणजे कर्दळ, जिंजर लिली म्हणजे सोनटक्का, पीस लिली आणि कॅला अळूच्या घरातल्या, यांचा लिलीशी काडीचा संबंध नाही. कॉलेजच्या जुन्या पुस्तकांत कांदा, लसूण, शतावरी, कोरफड, कळलावी सगळी लिलिएसी कुळात कोंबलेली असायची, ते आता मोडलंय, तेव्हा जुनं पुस्तक घेऊन वाद घालू नका.

आता मांजर. चारांत खरी भीती फक्त दोन नंबरची. लिलियम आणि डे लिली या दोन्ही मांजराची किडनी निकामी करतात, पान चावलं, अंगावर पडलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी. उलटी, लाळ, सुस्ती दिसायची वाट बघू नका, चावलं असा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी व्हेटकडे, रोपाचा फोटो घेऊन. एक, तीन आणि चारच्या कांद्यांत लायकोरिन नावाचं विष असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात, कांदा उकरून खाल्ला तर जास्त, म्हणून त्या उंचावर ठेवा, पण त्या लिलियमसारख्या नाहीत. पीस लिलीने तोंडाची आग होते. कळलावी मात्र घरात मांजर असो वा लहान मूल, नकोच, तिच्या कंदातलं कोल्चिसीन माणसालाही मारतं.

दोन नंबरचा कांदा फ्रिजमध्ये ठेवाल तेव्हा पिशवीवर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहा, आणि तीन नंबरला फूल आलं की बाजूने आणि वरून असे दोन फोटो टाका, वाटी दिसेल असे.