सुरुंगरोधक वाहन असताना सैनिक पायी का चालतात?

प्रश्न : बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांसाठी सुरुंगरोधक वाहने उपलब्ध असतानाही सैनिकांना मैलोन्‌मैल पायपीट का करावी लागते?

उत्तर : या वाहनाचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता असतो, त्यामुळे खाली झालेल्या स्फोटाचा जोर सपाट पत्र्यावर न आदळता दोन्ही बाजूंना फेकला जातो, आतली आसनेही जमिनीला न जोडता भिंतीला किंवा छताला टांगलेली असतात, जेणेकरून हादरा थेट पाठीच्या कण्यात जाऊ नये. दक्षिण आफ्रिकेच्या ‘कॅस्पिर’ या चिलखती वाहनाने ही रचना रुळवली आणि २००७ पासून अमेरिकेने इराकमध्ये अशी हजारो वाहने उतरवली. त्यांनी असंख्य जीव वाचवले, हे निःसंशय.

मात्र उंच आणि जड असल्याने ही वाहने खड्ड्यात, कच्च्या उतारावर कलंडतात व बहुधा रस्त्यालाच बांधलेली राहतात. रस्ता ठरलेला असला, की सुरुंग कुठे पेरायचा हेही बंडखोराला ठरवता येते आणि तो स्फोटकांचे वजन वाढवत जातो. आडवाटेने चालणाऱ्या तुकडीचा माग काढणे अवघड असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जाड काचेआडून गावकऱ्याशी बोलता येत नाही, आणि सुरुंग कुठे आहे हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक असते. मलायातील (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्धच्या १९४८ ते १९६० या काळातल्या संघर्षात ब्रिटिशांनीही आधी मोठ्या फौजांनी जंगले पिंजून पाहिली, पण उपयोग झाला तो खबरींचा आणि छोट्या, चिवट गस्तींचा. अर्थात, तिथे लाखो लोकांना सक्तीने नव्या वस्त्यांत हलवले गेले, हेही विसरता कामा नये.