उरलेल्या लोकरीचा क्रोशाने साधा मफलर होईल का, की तिचं पायपुसणंच करावं?

होईल, आणि चारचौघांत घालून जाता येईल असा होईल. तुमच्याकडे पाच-सहा रंगांचे उरलेले गुंडे आहेत, क्रोशा येतो, आणि घरातलं कोणी म्हणतं की उरल्यासुरल्या लोकरीचं पायपुसणंच होतं. हे शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसले. नेमकं हेच मी इथे ग्वाल्हेरला आमच्याच घरात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर ऐकून घेतलंय.

आमच्या मोठ्या जाऊबाईंचा दोन सुयांवरच्या विणकामात हात धरणारं कोणी नाही. इथल्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत त्यांचे स्वेटर गेलेत. पण क्रोशा म्हणजे त्यांच्या लेखी तोरणं, रुमाल आणि टीव्हीवरचं झाकण. लोकरीला क्रोशाची सुई लावणं त्यांना पसंतच नव्हतं, ते “भोकाभोकाचं” होतं म्हणायच्या. मी त्यांच्याच स्वेटरांतली उरलेली लोकर मागून घेतली, करडी, मोरपिशी, डाळिंबी आणि थोडी मोहरीच्या रंगाची, आणि सासऱ्यांसाठी मफलर घेतला करायला. जानेवारीत इथे पारा पाचच्या खाली उतरतो, कोहरा उन्हाला दाद देत नाही, आणि अण्णा सकाळचं फिरणं काही सोडत नाहीत.

मी तो लांबीच्या बाजूने विणला. म्हणजे सुरुवातीची साखळीच दीड मीटरची, आणि दर ओळीला नवा रंग. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी वीतभर धागा सोडून द्यायचा. टोकं दडवत बसायला नको. तीच दोन्हीकडे लोंबतात, दोन-दोन, चार-चार घेऊन गाठी मारल्या की झालर तयार. साखळी मात्र सैल घाला, हवं तर एक नंबर जाड सुईने. घट्ट साखळीने तेवढी कड आखडते आणि मफलर धनुष्यासारखा वाकतो. कुठला गुंडा पुरेल हे कळायला एक ओळ विणून उसवा आणि तो धागा मापाला ठेवा. तेवढाही ज्यात निघत नाही तो गुंडा बाजूला.

तर हळदीकुंकवाला जाऊबाई तो हातात घेऊन म्हणाल्या, “पायपुसणं छान झालंय हो.” बायका हसल्या. मी वाण देत होते, देत राहिले. त्याच थंडीत त्यांनीही अण्णांना नव्या कोऱ्या लोकरीचा मफलर केला, एक ओळ सुलट, एक उलट. दिसायला सुरेख. पण त्या विणीच्या कडा मागे वळतातच, हा त्या विणीचा स्वभाव आहे, कितीही इस्त्री फिरवा. क्रोशाची वीण सपाट पडते, कोटाच्या आत छातीवर नीट बसते. अण्णांनी कोणाची बाजू घेतली नाही, पण सकाळी खुंटीवरून ते माझाच काढायचे.

आणि पायपुसण्याचं म्हणाल तर बाजारातली बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते, ती पाणी टिपतच नाही. पायपुसण्याला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या लागतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी लोकरीवर मत देऊ नये.

रंगांची फार चिंता करू नका, एक गडद रंग मधूनमधून परत आणला की बाकीचे जमून जातात. बघायची ती जाडी. चार पदरी लोकरीशेजारी दोन पदरी आली तर ती दुहेरी घ्या. जुना स्वेटर उसवला असेल तर कुरळ्या धाग्याची खुर्चीच्या पाठीवर लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, ओली करून खाली थोडं वजन लावून वाळवा. तसंच वापरलंत तर टाके उंचसखल येतात. रुमालाची बारीक पोलादी सुई इथे चालत नाही, चार पदरीला साडेचार-पाच मिलिमीटरची घ्या. लोकर दीडशे-दोनशे ग्रॅम धरा.

लांब खांब, म्हणजे उंच टाके, घालू नका, त्यातून वारा शिरतो. जाऊबाईंचा “भोकाभोकाचं” हा आक्षेप तेवढ्यापुरता बरोबर आहे. अर्धा खांब उत्तम. मुका खांब, म्हणजे त्याहून बुटका टाका, उबदार होतो पण जड आणि ताठ.

हो, एक राहिलं. खरी लोकर आणि ॲक्रिलिक मिसळली असेल तर गरम पाण्यात घालू नका, खरी तेवढी आटते आणि चुण्या पडतात. ओळखायचं असेल तर धाग्याचं टोक जाळून बघा: खरी जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख चुरडते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. आणि लहान मुलासाठी करत असाल तर झालर नकोच, तोंडात जाते. तिथे टोकं जाड सुईने आतच ओवून टाका.