वाचक विचारतात : आगीकडे धावलेला चालक

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या एका जुन्या चित्रफितीत एक चालक उलटून पेटलेल्या गाडीपाशी एकटाच धडपडताना दिसतो. तो कोण? शर्यतपटू म्हणून त्याची कामगिरी कशी होती?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तो ब्रिटिश चालक डेव्हिड पर्ली. चित्रफीत २९ जुलै १९७३ रोजी नेदरलँड्समधील झांडफोर्ट येथे झालेल्या शर्यतीची आहे. आठव्या फेरीत रॉजर विल्यमसन या दुसऱ्या ब्रिटिश चालकाची गाडी कठड्यावर आदळून उलटली आणि पेटली. मागून येणाऱ्या पर्लीने स्वतःची गाडी थांबवली, चालू शर्यतीत रस्ता ओलांडला आणि तापलेल्या गाडीच्या कडेला हात घालून ती एकट्याने सरळ करण्याचा प्रयत्न केला. गाडी हलेना, तेव्हा त्याने मार्शलकडचे (मार्गालगतच्या सुरक्षा कर्मचाऱ्याकडचे) अग्निशामक नळकांडे घेऊन ते ज्वाळांवर रिकामे केले. मार्शलांच्या अंगावर आगीत शिरण्याजोगे कपडे नव्हते, आणि शेजारून जाणाऱ्या चालकांचा समज असा झाला की, पेटलेली गाडी पर्लीचीच असून तो सुखरूप बाहेर पडला आहे. विल्यमसन वाचला नाही. पर्लीला पुढे जॉर्ज पदक हे ब्रिटनचे शौर्यपदक मिळाले.

पर्लीची ओळख या काही मिनिटांपुरती उरली, हे मात्र अन्यायाचे वाटते. १९४५ मध्ये बॉग्नर रीजिस येथे जन्मलेला पर्ली आधी पॅराशूट रेजिमेंटमध्ये अधिकारी होता. शर्यतींकडे वळल्यावर त्याने बेल्जियममधील शिमे येथे, गावातल्या साध्या रस्त्यांवर होणारी धोक्याची शर्यत १९७० पासून सलग तीन वर्षे जिंकली, आणि १९७६ मध्ये ब्रिटनमधील शेलस्पोर्ट या शर्यत मालिकेचे विजेतेपद मिळवले. फॉर्म्युला वनमध्ये त्याला एकही गुण मिळाला नाही. १९७३ मध्ये इटलीतील माँझा येथे मिळालेला नववा क्रमांक हीच तिथली त्याची सर्वोत्तम कामगिरी. परंतु त्याच्यामागे मोठा कारखाना नव्हता. घरच्या ‘लेक’ (LEC) या रेफ्रिजरेटर बनवणाऱ्या कंपनीच्या बळावर छोटा संघ उभारून, १९७७ मध्ये माइक पिलबीम यांनी आखलेल्या गाडीसह तो या शर्यतींत उतरला होता. त्याच्या कामगिरीचे माप घेताना एवढे ध्यानात ठेवायला हवे.

त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमधील सिल्व्हरस्टोन येथे, पात्रता फेरीसाठीच्या चाचणीत त्याच्या गाडीचा थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करणारी झडप, उघडाच अडकला. ताशी सुमारे १७३ किलोमीटर वेगाने धडकलेली गाडी अवघ्या ६६ सेंटिमीटरमध्ये थांबली, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १८० पट धक्का त्याच्या शरीराने सोसला. पाय, कंबर आणि बरगड्यांची हाडे मोडली. तरीही तो जगला, नेटाने चालू लागला आणि १९७९ मध्ये ब्रिटनमधील शर्यतींत पुन्हा उतरला. त्यानंतर तो हवाई कसरतींकडे वळला. २ जुलै १९८५ रोजी त्याचे पिट्स स्पेशल विमान बॉग्नर रीजिसजवळच, समुद्रात कोसळले आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.