पुण्याला जाऊ की दारव्ह्यातच थांबू?

प्रश्न : काका, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा बिझनेस इकॉनॉमिक्स घेऊन बी.कॉम. झाले, ६४ टक्के पडले. घरी सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मामा म्हणतात, पुण्यात दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव. खर्च दीड-दोन लाख, म्हणजे आईच्या पाटल्या मोडाव्या लागतील. शेजारच्या काकू रोज विचारतात, "मंग व, बँकेत लागली का नाही?" ही पदवी साध्या अर्थशास्त्रापेक्षा वेगळी आहे का, आणि तिच्यावर नेमकं काय मिळतं?

उत्तर : आधी पाटल्या पेटीत ठेव. मग बोलू.

काकूंपासून सुरुवात करतो, कारण मी एकतीस वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखांत काढली आणि हा प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू आला. ग्रामीण बँकेच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. पहिल्या फेरीत फक्त बुद्धिमत्ता चाचणी आणि गणित. तू तीन वर्षं घोकलेली मागणीची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते ते, त्या दाराशी कोणी विचारत नाही. तुझी जमेची बाजू म्हणजे स्थानिक भाषा येणं सक्तीचं असतं. आणि हो, आपली विदर्भ कोकण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. तेव्हा नेमणूक दिग्रसलाच मिळेल असं धरू नको, कदाचित सिंधुदुर्गात समुद्राकाठीही बसावं लागेल.

तुझा विषय खरोखर कामाला येतो तो नाबार्डच्या, म्हणजे शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या, ग्रेड 'ए' अधिकारी परीक्षेत. तिथं आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि शेती व ग्रामीण विकास हे थेट विषय आहेत. सर्वसाधारण गटाला पदवीला ६० टक्के लागतात, तुला ६४ आहेत. कापूस-तुरीच्या घरातल्या मुलीला त्यातला अर्धा अभ्यास चुलीपाशी बसून झालेला असतो. पोरांना पुस्तकात 'कोरडवाहू शेतीची जोखीम' वाचावी लागते. तू ती दर जूनमध्ये आभाळाकडं बघत वाचलीस.

यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा म्हणून एक परीक्षा आहे. तिच्या पात्रतेत बिझनेस इकॉनॉमिक्सचं नाव चक्क लिहिलेलं आहे, पण ते पदव्युत्तर पदवीचं. जागा मोजक्या. इथं आपल्याकडची मुलं फसतात : बी.कॉम. झालं की सवयीनं एम.कॉम.ला नाव घालतात, कॉलेज जवळ असतं, फी कमी असते. साध्या एम.कॉम.वर ते दार उघडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागाच्या अधिकारीपदासाठीही अर्थशास्त्र किंवा वित्त अशा विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. पुढं शिकायचंच असेल तर एम.ए. अर्थशास्त्र कर. ऐपत आणि गुण जुळले तर पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० सालची. पुण्याला जायचंच तर असल्या ठिकाणी जावं, क्लासच्या बाकावर नव्हे.

आता वेगळेपणाचं. अर्थशास्त्र भाव का चढला-पडला ते सांगतं. बिझनेस इकॉनॉमिक्सनं, आज माल विकू की थांबू, याचं उत्तर द्यायला हवं. हे मला एम.ए. करून समजलं नव्हतं, रिसोडला असताना समजलं. एक म्हातारे शेतकरी काउंटरवर आले, "साहेब, सोयाबीन आता इकू का होळीले?" मी ऐटीत म्हणालो, थांबा, भाव चढतोच. होळीपर्यंत भाव पडला. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण पुढच्या वर्षी ते मला विचारायलाही आले नाहीत. माझा अंदाज चुकला याचं एवढं नाही. मी आकडेमोडच केली नव्हती, हे बोचलं.

ती आकडेमोड अशी. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, किमतीच्या ७५ टक्के कर्ज, सहा टक्के व्याज, मुदत १८० दिवस. समज, वीस क्विंटल सोयाबीन, भाव क्विंटलला चार हजार. माल ८० हजारांचा, कर्ज ६० हजार. सहा महिन्यांचं व्याज सुमारे १,८००, म्हणजे क्विंटलमागे ९० रुपये. वाळून वजन घटतं ते वेगळं. शिवाय उरलेले २० हजार सहा महिने अडकून पडतात, त्या काळात सावकाराचं देणं असेल तर त्याचं व्याजही याच खात्यात मांड. एवढं सगळं भरून निघण्याइतका भाव चढेल असं वाटलं तरच थांब. हा हिशेब मी त्या म्हाताऱ्या बाबांना पाच मिनिटांत मांडून देऊ शकलो असतो. नोकरी कोणतीही कर, तुझ्या पदवीचं खरं काम हेच आहे.

हे काम कोण पगार देऊन करवून घेतं? शेतकरी कंपन्या. दहा हजार एफपीओंची, म्हणजे अशाच शेतकरी कंपन्यांची, केंद्राची योजना २०२० साली आली, त्यात सीईओसाठी महिना २५ हजारांपर्यंत आणि लेखापालासाठी १० हजारांपर्यंत मदत आहे, पण ती तीन वर्षांपुरती. चौथ्या वर्षी पगार कंपनीनं स्वतःच्या धंद्यातून काढायचा असतो. म्हणून मुलाखतीला जाशील तेव्हा तूच उलट विचार : गेल्या हंगामात किती माल विकला, कोणाला विकला, मदतीचं कितवं वर्ष चालू आहे? संचालक एकमेकांकडं बघायला लागले तर चहा घे आणि परत ये. नुसता फलक लावून बसलेल्या कंपन्या मी बऱ्याच पाहिल्या. पण जिथं तूर प्रतवारी करून डाळ मिलला थेट जाते, तिथं दहा हजारांवरही एक वर्ष काढ. त्या वर्षात जे शिकशील ते दोन लाखांच्या क्लासात नाही.

आणखी एक, ज्याचं नाव आजकालची पोरं काढत नाहीत : जी.डी.सी. अँड ए. राज्याच्या सहकार खात्याची पदविका परीक्षा, पदवीधराला बसता येतं, घरी बसून अभ्यास होतो. पतसंस्था, सेवा सोसायट्या यांचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावंच लागतं. परीक्षा पास होऊन अनुभव गाठीशी आला की लेखापरीक्षकांच्या यादीत नाव घालता येतं. दारव्ह्यात राहून पोट भरेल असा हा मार्ग आहे. लग्नानंतर गाव बदललं तरी सोसायट्या तिथंही असतातच, हेही बोलून ठेवतो. रागावू नको.

वेळेचं तूच ठरव, पण मी असतो तर परीक्षांना दोन हंगाम दिले असते, दोन कापसाचे. तेवढ्या काळात घरून अभ्यास आणि हाताला काही काम, दोन्ही. तिसऱ्या हंगामात मामांचंही ऐकायचं नाही.

तोवर एक गृहपाठ. बाबांसोबत कापूस घेऊन जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, जा आणि वही ने. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६३ किलो सरकी निघते, बाकी घट. रुईची खंडी ३५६ किलोची. खंडीचा भाव ५३,४०० धरला तर रुई किलोला १५० पडली, ३४ किलोचे ५,१००. सरकी ३५ रुपये किलोनं २,२०५. बेरीज ७,३०५. यातून जिनिंग, प्रेसिंग (गाठी बांधणं), हमाली, वाहतूक आणि मालकाचा नफा वजा कर. बाबांना मिळालेला भाव याच्या जवळ येतो का बघ, आणि नाही आला तर का नाही, ते मला कळव. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, पण ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कटतात आणि बारावर गेला तर सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, घेतच नाही. पहाटे दवात वेचलेला कापूस लगेच गाडीत भरला तर किती रुपयांचं पाणी भरलं, तेही मांड.

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्स. गणित नको म्हणून बिझनेस इकॉनॉमिक्स घेतो म्हणतो. ठीक राहील का? (कारंजा, एक पालक)

उत्तर : गणित टाळायला घेत असेल तर फसेल. सांख्यिकी, निर्देशांक, सीमांत खर्च (एक नग जादा काढायला लागणारा खर्च) हे सगळं आकड्यांचंच आहे. मात्र दहावीचं गणित नीट येत असेल तर पुरतं. त्याला भीती गणिताची आहे की गणिताच्या मास्तरांची, ते आधी विचारा.

प्रश्न : यवतमाळला 'कमोडिटी मार्केट तज्ज्ञ' असा तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी ४० हजार. सोयाबीनच्या वायद्यात नोकऱ्या भरपूर आहेत म्हणतात. (वणी, पदवीधर)

उत्तर : सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले आणि पुढं मुदत वाढवत नेली. फी भरण्याआधी क्लासवाल्यांना म्हणा, सोयाबीनचा चालू वायदा पडद्यावर काढून दाखवा. दिसला तर मला लिहा.