पहिल्यांदा भुताच्या तपासाला जाताना बॅगेत काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय की मित्रांबरोबर पहिल्यांदाच रात्रीच्या तपासाला जायचंय, 12 हजार जमलेत, तर ईएमएफ मीटर घ्यावा की भुतांचा आवाज ऐकवतो म्हणतात तो स्पिरिट बॉक्स, आणि सुरुवात शनिवारवाड्यापासून करावी का.

शनिवारवाडा नको. संध्याकाळनंतर आत सोडत नाहीत, ती संरक्षित वास्तू आहे, तटावर चढण्याचा विचारही करू नका. शिवाय 30 ऑगस्ट 1773 ला नारायणरावांचा खून झाला ती जागा आज छपराखाली नाही. 1828 च्या आगीत आतले महाल जळाले. राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. बाहेर शिवाजी रस्त्यावर गाड्या चालूच. तिथे ‘काका मला वाचवा’ ऐकू आलं, तरी ते कुठून आलं हे कसं ठरवणार? त्यापेक्षा ज्या घरातल्या माणसांना खरंच त्रास होतोय आणि ज्यांनी स्वतः बोलावलंय, तिथे जा.

मी वायरिंगची कामं करतो आणि गेली काही वर्षं अशा घरांत रात्री बसतो. माझ्या बॅगेत सगळ्यात वर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो. तुमच्या यादीत तो नाही, म्हणून आधी तेच सांगतो. एका फ्लॅटमध्ये सुनेला बाथरूमबाहेरच्या बोळात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, डोकं जड व्हायचं, छातीवर दाब यायचा. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली होती. आम्ही सकाळी, पाणी तापवण्याच्या वेळी, अलार्म त्या बोळात ठेवला आणि थोड्याच वेळात तो किंचाळायला लागला. आत गॅस गिझर, खिडकीला थंडीसाठी पुठ्ठा लावलेला. गिझरमधून निघणाऱ्या या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. 1921 मध्ये विल्मर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी असंच एक ‘झपाटलेलं’ घर नोंदवलंय: पावलांचे आवाज, माणसं दिसणं, सगळ्यांचं डोकं दुखणं, आणि कारण निघालं घर गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी. अलार्म वाजला तर गिझर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि ज्यांना त्रास होतोय त्यांना लगेच दवाखान्यात न्यायचं. तपास तिथेच थांबवायचा.

ईएमएफ मीटर घ्या, पण तो मुळात तारांचं चुंबकीय क्षेत्र मोजायला आहे हे लक्षात ठेवा. कसब्यातल्या एका वाड्यात जिन्याच्या चौथ्या पायरीशी भिंतीजवळ नेला की तीन दिवे लागायचे. सगळे गप्प झाले. आजींना अंधाराची भीती, म्हणून जिन्यातला बल्ब चालू ठेवला होता. तो बंद केला, मीटर शांत. खाली-वर दोन बटणांच्या जुन्या वायरिंगमध्ये जाणारी आणि येणारी तार कधी कधी वेगवेगळ्या वाटेने जातात. जवळजवळ असत्या तर त्यांनी एकमेकींचं क्षेत्र बरंचसं मारलं असतं. म्हणून मीटरबरोबर टेस्टर हवाच, आणि मेन स्विच बंद करायला मालकांची परवानगी आधी घ्यायची. सगळ्यांचे मोबाइलही बंद, खिशातल्या फोननेही मीटर हलतो.

रेकॉर्डर एक नको, दोन घ्या. एक खोलीत, एक गॅलरीत. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात. आवाज बाहेरच्यावर जास्त मोठा असेल तर तो रस्त्याचा. आणि आपला प्रत्येक आवाज तिथल्या तिथे बोलून टाका: ‘माझं पोट वाजलं’, ‘रिक्षा गेली’, ‘पाय सरकवला’. चार दिवसांनी ऐकताना यातलं काही आठवत नाही. आम्हाला एकदा ‘ऊठ… ऊठ’ असं स्वच्छ ऐकू आलं होतं. सकाळी माळ्यावर चढलो तर पारव्यांचं घरटं.

स्पिरिट बॉक्सवर पैसे घालवू नका, अशी कळकळीची विनंती. तो रेडिओची स्टेशनं भराभर पलटत जातो. पुण्यात एफएम भरपूर. गाण्याचा, जाहिरातीचा तुकडा येतो आणि ज्याला आपलं माणूस गेल्याचं दुःख आहे, त्याला त्यात नाव ऐकू येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्या बाईंचं रडणं थांबेना.

तापमानासाठी बंदुकीसारखा थर्मामीटर नको, तो भिंतीचं तापमान सांगतो, हवेचं नाही. साधा डिजिटल घ्या. बाकी पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांतून जास्तीचे सेल, दोन टॉर्च, पॉवर बँक. टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन कागद, खडू, कागदी टेप, मोजपट्टी. माळ्यावर जायचं असेल तर मास्क, आणि ओडोमास विसरू नका. फ्लॅश मारून फोटो काढलेत तर धुळीचे पांढरे गोळे दिसतील, ते बाजूला ठेवा.

पैसे कोणाकडून घेऊ नका, ‘बाधा काढून देतो’ असं चुकूनही म्हणू नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा एकदा वाचून जा.

आणि एक जाडसर वही. पहिला तास दिवसाउजेडी घरच्यांशी बोला: आवाज कुठे, किती वाजता, तेव्हा पंखा, गिझर, मोटर काय चालू होतं. कसब्यातल्या त्या आजींनी मला वेळेसकट पायरी दाखवली, रात्री अडीचची. आम्ही खडूने खूण केली, बसून राहिलो, अडीचच्या सुमारास तीच पायरी दोनदा करकरली. रात्री गार झालेलं लाकूड आकसतं, तसं ते असावं. पण खात्री नव्हती, म्हणून वहीत ‘कारण: बहुधा लाकूड’ असंच लिहिलं आणि आजींनाही तसंच वाचून दाखवलं.