मोहोळच्या ओढ्यातली काळी वाळू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोहोळजवळ शेताच्या कडेने ओढा जातो, पाऊस उघडला की त्याच्या वळणावर काळी, जड वाळू साचते आणि ती चुंबकाला चिकटते. एका गृहस्थाने ती तपासून आणली. रिपोर्टात लोखंड, टायटॅनियम, व्हॅनेडियम निघालं. आता खाणपट्टा नावावर करून देतो म्हणून तो ५० हजार मागतोय. द्यावेत का?

नका देऊ. रिपोर्ट मात्र खरा असणार, आणि गोम तिथेच आहे.

आपला सोलापूर जिल्हा बसलाय दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. विहिरीला लागणारा काळा पाषाण तो हाच. त्यात टायटॅनियम ऑक्साइड साधारण २ ते ३ टक्के असतं, आणि त्यातलं बरंचसं टायटॅनोमॅग्नेटाइट (टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट) आणि इल्मेनाइट (लोखंड-टायटॅनियमचा ऑक्साइड) या दोन खनिजांत. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचा चुंबकीय ऑक्साइड. त्याच्या स्फटिकातल्या लोखंडाच्या काही जागा टायटॅनियम बळकावतं. व्हॅनेडियमचा आयन लोखंडाच्या आयनाच्या मापाचाच, त्यामुळे तोही गुपचूप आत जाऊन बसतो. स्वतःचं वेगळं घर बांधायची त्याला गरजच पडत नाही. म्हणून तिन्ही नावं एकाच कागदावर.

दगड कुजतो, मुरूम होतो, मुरमाची माती होते. पाणी हलकं ते पुढे नेतं, जड ते वळणावर टाकतं. सुपात धान्य पाखडावं तसं. त्यातून पुन्हा चुंबकाने वेचलेले दाणे तेवढे प्रयोगशाळेत दिले की टक्केवारी फुगणारच. हेच तुमच्या शेजाऱ्याच्या ओढ्यात होईल, सीनेच्या पात्रात होईल, अक्कलकोटातही होईल.

आता एक करा. चुंबक थेट वाळूत घालू नका, दाणे खरवडता खरवडता जीव जातो. तो प्लास्टिकच्या पिशवीत घाला, घमेलंभर वाळलेल्या वाळूतून फिरवा, मग दुसऱ्या कागदावर धरून पिशवीतून चुंबक काढून घ्या. दाणे आपोआप गळतात. भिंगातून बघा. काही दाण्यांना अजून चकचकीत त्रिकोणी बाजू दिसतील, ते मॅग्नेटाइट. चपट्या पत्रीसारखे, काळे पण साध्या चुंबकाला न जुमानणारे दाणे मागे राहिले तर ते बहुधा इल्मेनाइट. मुख्य म्हणजे दोन्ही वजनं करा: मूळ घमेल्याचं आणि वेचलेल्याचं. मी उमेदीच्या काळात दिवसभर उन्हात बसून हा उद्योग केलाय. संध्याकाळी हाती आली चहाची एक कपबशी भरेल एवढी वाळू. घरचे अजून चिडवतात.

खरी खाण कशी असते ते सांगतो. दक्षिण आफ्रिकेत बुशवेल्ड म्हणून अतिप्रचंड अग्निजन्य खडकांचा प्रदेश आहे. तिथे मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली सावकाश थंड झाला, मॅग्नेटाइट जमून थरच्या थर तयार झाले. मुख्य थर जेमतेम दोन मीटर जाड, पण जवळपास सगळा मॅग्नेटाइटचा, आणि त्यात व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सुमारे १.५ टक्के. चीनमध्ये सिचुआनातलं पांचिह्वा याच जातीचं. भारतात ओडिशाच्या मयूरभंज भागात असे थर सापडतात. आपला लाव्हा उघड्यावर पसरून तुलनेने भराभर थिजला, दाणे बारीक राहिले, दगडभर विखुरले. एक टन बेसॉल्ट फोडला तर त्यात व्हॅनेडियम काही शे ग्रॅम. तेवढ्यासाठी डोंगर कोण दळणार? शिवाय टायटॅनियम जास्त झालं की साध्या झोतभट्टीत धातुमळी (स्लॅग) घट्ट होते, म्हणून असलं लोखंड कुणी आनंदाने घेतही नाही.

कायद्याचं एका वाक्यात: टायटॅनियम आणि व्हॅनेडियम २०२३ पासून केंद्राच्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहेत, त्यांचे पट्टे लिलावाने जातात, एजंट ‘नावावर’ करून देतो ही थाप.

शाळेत आपण पाठ केलं होतं ना, काळी माती टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमुळे काळी? दाणे मातीत आहेत हे खरं, पण रंगाचं मोठं श्रेय चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या ह्यूमसला, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याला, जातं.

तुमचा प्रयोग मात्र थोर घराण्यातला आहे. १७९१ साली इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने ओढ्यातली अशीच चुंबकाला ओढली जाणारी काळी वाळू तपासली आणि त्याला नवी धातू सापडली. पुढे तिला टायटॅनियम नाव पडलं. व्हॅनेडियम मेक्सिकोत १८०१ मध्ये सापडून हरवलं होतं. ते १८३० मध्ये सेफस्ट्रोम या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला परत मिळालं स्वीडनमधल्या ताबेर्गच्या खनिजापासून केलेल्या लोखंडात, आणि ते खनिजही टायटॅनियमवालं मॅग्नेटाइटच.

आणि आपल्या दगडातले हेच दाणे थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसले. १९५६ मध्ये क्लेग, डॉयच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या बेसॉल्टमधली ती दिशा मोजली आणि लाव्हा वाहिला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती असं दिसलं. विहिरीत उतराल तेव्हा होकायंत्र न्या आणि कातळाला अगदी लावून फिरवा. कुठे काटा हलला तर फोटो इथे टाका.